बाई, सध्या काय वाचताय?

वांद्रे पूर्वेला कलानगर, गांधीनगर आणि शासकीय वसाहत या पट्ट्यात तासभर पायी फिरलं की मराठी शाळेचं बरंचसं जग नजरेखालून जातं. साहित्य सहवास ही १९६० च्या दशकात लेखकांनी मिळून उभी केलेली वसाहत इथलीच. तिच्या इमारतींची नावंसुद्धा झपूर्झा, उषःकाल अशी. जवळच इंडियन एज्युकेशन सोसायटीचं न्यू इंग्लिश स्कूल, जिथे सचिन तेंडुलकर दादरच्या शारदाश्रमात जाण्याआधी शिकला. पुढे चेतना महाविद्यालय आणि त्याच बाजूला मुंबई उपनगर जिल्ह्याचं जिल्हाधिकारी कार्यालय. उपनगरातल्या कुठल्याही स्टाफरूममध्ये विचारावं, यातली कोणती जागा तुम्हाला नीट ठाऊक आहे? बहुतेकींचं बोट शेवटच्या जागेकडे जाईल, कारण निवडणूक ड्युटीचे आदेश तिथूनच निघतात.

साहित्य सहवासातली नावं चाळली की कळतं, इथले कितीतरी जण पोटापाण्यासाठी शिकवत होते. विंदा करंदीकर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. रमेश तेंडुलकर दादरच्या कीर्ती महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक. मं. वि. राजाध्यक्ष इंग्रजीचे, विजयाबाई राजाध्यक्ष मराठीच्या. रुळांच्या पलीकडे, पश्चिमेच्या नॅशनल कॉलेजात वसंत बापटांनी शिकवलं. शेजारी लेखक आणि शेजारीच वाचक, असा तो मामला. नवं काही हाती लागलं की बोलायला माणूस जिन्यावर भेटणार. मात्र ही सगळी मंडळी कॉलेजातली. त्याच परिसरात पाचवी ‘ब’ ला भूगोल आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवणाऱ्या बाईंना पुस्तकावर बोलायला कोण आहे, हा प्रश्न तेव्हाही फारसा कुणी विचारला नाही आणि आजही विचारत नाही.

शाळेत वाचनावर बोललं जात नाही असं नव्हे. उलट सतत बोललं जातं. १५ ऑक्टोबरला अब्दुल कलामांच्या जयंतीनिमित्त वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. अलीकडे महावाचन उत्सव आला, त्याला अमिताभ बच्चन सदिच्छादूत लाभले. मुलांनी पुस्तक वाचायचं, त्यावर लिहायचं, लिहिलेलं पोर्टलवर चढवायचं. या सगळ्या धामधुमीत वाचणारं माणूस म्हणजे मूल, हे गृहीत धरलेलं असतं. शिक्षक वाचून घेणारा, मोजणारा, फोटो काढणारा. तो स्वतः काय वाचतो याच्याशी परिपत्रकाला देणंघेणं नसतं.

इथेच गाडी अडते. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी शिक्षकांनी एकत्र बसून एखादं पुस्तक वाचणं, त्यावर भांडणं, हा कुणाचा छंद नाही. फळ्यावर तारीख लिहिण्याइतकाच तो नोकरीचा भाग आहे. शासनाने त्यासाठी वेळ द्यावा, पुस्तकं द्यावीत आणि अहवाल मागू नये. या तिसऱ्या अटीवर सगळं अवलंबून आहे, हे पावणेदोनशे वर्षांचा अनुभव सांगतो.

पावणेदोनशे हा आकडा हवेतला नाही. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधले प्राध्यापक पॅटन यांच्या पुढाकाराने मुंबईत स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी सुरू झाली. तिचीच मराठी शाखा म्हणजे मराठी ज्ञानप्रसारक सभा. अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग, पेशाने शिक्षक. सभेचं काम साधं होतं. सभासदाने एखाद्या विषयावर वाचायचं, निबंध लिहायचा आणि तो सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा. धर्म आणि राजकारण हे दोन विषय वर्ज्य. उरलेलं सगळं जग मोकळं. पुढे १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघालं आणि ते सतरा वर्षं चाललं.

निबंध वाचता वाचता ही मंडळी कुठे पोचली ते बघण्यासारखं आहे. १८४९ मध्ये सोसायटीच्या सभासदांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि तिथे सुरुवातीला स्वतःच फुकट शिकवलं. दादाभाई नौरोजी त्यांच्यात होते. जगन्नाथ शंकरशेटांनी आपल्या वाड्यात जागा दिली. शाळा काढा असा आदेश या तरुणांना कुणी दिलेला नव्हता. एकत्र बसून वाचणाऱ्यांना एक दिवस वाटलं, आता हे बाहेर न्यायला हवं.

याच सभेत निबंध वाचणारे एक गृहस्थ होते गोविंद नारायण माडगांवकर. मिशनच्या शाळेत शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. १८६३ मध्ये त्यांचं ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झालं. या शहरावर मराठीत लिहिलेलं ते पहिलं मोठं पुस्तक. ते एका शाळामास्तराने लिहिलं, ही गोष्ट शिक्षक दिनाच्या भाषणांत कधी ऐकू येत नाही. बाजारात काय मिळतं, देवळं कुठे आहेत, कोणत्या जातीजमातीचे लोक काय धंदा करतात, गिरण्या कशा आल्या, हे सगळं बघून, विचारून, टिपून ठेवणारा हा मास्तर. ऐकायला हक्काचे श्रोते आहेत हे ठाऊक असलं की माणूस डोळे उघडे ठेवून फिरतो.

आता दुसरी बाजू. पुण्यात १८६१ साली शिक्षकांसाठी शालापत्रक सुरू झालं. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर त्याचे संपादक झाले आणि त्यांनी त्यात नेहमीच्या धारेने लिहायला सुरुवात केली. मिशनरी आणि सरकार दोघांनाही झोडपलं. पत्र सरकारी. १८७५ मध्ये ते बंद पडलं. तोवर शास्त्रीबुवांची ‘निबंधमाला’ सुरू झालेली होती, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. अडलं असेल तर ते खेड्यापाड्यात बसून महिन्याला येणाऱ्या अंकाची वाट बघणाऱ्या मास्तरांचं. सरकारने चालवलेलं वाचन सरकारला झेपेल तेवढंच चालतं, हा धडा तेव्हाचाच.

मधल्या काळातलं सगळ्यांत रंगतदार उदाहरण मात्र रविवारच्या चहाचं आहे.

१९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झालं. मराठीच्या पाठ्यपुस्तकात ते कवींचं मंडळ म्हणून येतं, एका गुणाच्या प्रश्नापुरतं. प्रत्यक्षात त्याची सुरुवात रविवारी चहाला जमणाऱ्या मित्रमंडळीतून झाली. ‘सन टी क्लब’ असं तिचं थट्टेचं नाव. श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे हे जोडपं, माधव जूलियन, गिरीश, यशवंत, वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर, नाट्यछटाकार दिवाकर. आता यांचे धंदे बघा. माधव जूलियन फार्सी शिकवायचे. गिरीश, म्हणजे शं. के. कानेटकर, शिक्षकी पेशातले. दिवाकर शाळामास्तर. घाटे शिक्षण खात्यातले. म्हणजे निम्मी मैफल शाळा-कॉलेजच्या वर्गातून उठून आलेली.

जमायचे, कविता वाचायच्या, एकमेकांच्या चुका काढायच्या, चहा प्यायचा. पुढे यातल्या काही जणांनी कविता सभेत गाऊन म्हणायला सुरुवात केली आणि गावोगाव काव्यगायनाची टूम निघाली. त्या गाण्याची टिंगल करायला आणखी एक मास्तर टपलेला होताच. पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे हेडमास्तर प्रल्हाद केशव अत्रे यांनी केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहून रविकिरणी कवितेची यथेच्छ चेष्टा केली. ते १९२५ साल. तीनेक वर्षांनी हेच अत्रे लंडनहून शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आले आणि पुढे ज्यांच्या मंडळाची टर उडवली त्याच घाट्यांबरोबर ‘नवयुग वाचनमाला’ करायला बसले. मराठी मुलांच्या दोन पिढ्यांना गोडी लावणारी क्रमिक पुस्तकं अशी तयार झाली. एकीकडे चहाच्या पेल्यावर वाचणारे मास्तर, दुसरीकडे त्यांच्यावर तुटून पडणारा मास्तर, आणि दोघांनाही एकमेकांचं साहित्य पाठ. आजच्या एखाद्या पाठ्यपुस्तक मंडळाच्या बैठकीत इतकं वाचलेली आणि इतकी भांडलेली माणसं समोरासमोर बसत असतील का, याची शंका येते.

मुंबईतही नंतर शिक्षकांनी अशा गोष्टी केल्या. साने गुरुजी गेल्यावर प्रकाशभाई मोहाडीकरांनी कथामाला सुरू केली आणि कितीतरी शाळांमधले शिक्षक मुलांना गोष्टी सांगू लागले. गोष्ट सांगायची तर आधी वाचावी लागते. १९७४ च्या सुमारास दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी ‘ग्रंथाली’ सुरू केली, तीही स्वतःला वाचक चळवळ म्हणवत. पण या दोन्हींत शिक्षक हा दुसऱ्यासाठी वाचणारा, नाहीतर अनेक वाचकांपैकी एक. खास त्याचं, त्याच्या वर्गातल्या अडचणी घेऊन बसण्याचं ठिकाण ते नव्हतं.

परदेशात मात्र अशी ठिकाणं निघाली. अमेरिकेत १८८० च्या दशकात ओहायो, इंडियाना या राज्यांत शिक्षकांची वाचनमंडळं निघाली. वर्षाची पुस्तकं ठरायची, तालुक्याच्या गावी शिक्षक जमायचे. काही राज्यांत हे वाचन शिक्षकी परवान्याच्या परीक्षेत धरलं जाऊ लागलं. झालं, परीक्षेपुरतं वाचणं आलं. ज्या पुस्तकावर प्रश्न येणार नाही ते कोण हातात धरणार?

इंग्लंडमध्ये नंतर एक पाहणी झाली. टेरेसा क्रेमिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६-०७ मध्ये सुमारे १२०० प्राथमिक शिक्षकांना विचारलं: मुलांसाठी लिहिणाऱ्या सहा चांगल्या कवींची नावं सांगा. ५८ टक्के शिक्षकांना दोन किंवा त्याहून कमी नावं आली. २२ टक्क्यांना एकही नाही. गंमत म्हणजे हेच शिक्षक स्वतःच्या आनंदासाठी वाचत होते. गेल्या महिन्यात आपण काहीतरी आवडीने वाचलं असं सुमारे तीन चतुर्थांश जणांनी सांगितलं. वाचन होतं, पण त्यात मुलांच्या कविता फारशा नव्हत्या. त्यानंतर तिथे शिक्षकांचे वाचनगट उभे राहिले, ते आजही चालू आहेत.

हाच प्रश्न आपल्याकडे विचारून बघावा. मुलांसाठी लिहिणारे सहा मराठी कवी. विंदा आणि पाडगावकर ही दोन नावं झटकन येतील, कारण ती क्रमिक पुस्तकात असतात. विंदांचं नाव घेणाऱ्यांपैकी ‘राणीची बाग’ किंवा ‘एटू लोकांचा देश’ कितींनी पुस्तक म्हणून हातात धरलं असेल? तिसऱ्या नावाला थोडी शांतता. हयात कवीचं नाव सांगा म्हटलं तर मोबाइल बाहेर येईल. यात शिक्षकांना हिणवण्यासारखं काही नाही. डी.एड.ला त्यांना हे कुणी वाचायला दिलं नाही, नोकरीत आल्यावर वाचायला उसंत दिली नाही, आणि ‘तुम्ही काय वाचलंत?’ असं तर कुणीच विचारलं नाही.

एकट्याने वाचणं आणि गटात वाचणं यात शिक्षकापुरता काय फरक पडतो, हे तीन पुस्तकांवरून दाखवता येईल. तिन्ही मराठीत मिळतात.

पहिलं गिजुभाई बधेका यांचं ‘दिवास्वप्न’. गिजुभाई भावनगरचे, ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी, म्हणजे महाराष्ट्राला हे पुस्तक परकं नाही. एक उत्साही माणूस शिक्षणाधिकाऱ्याकडून चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो. पहिल्या दिवशी तो मुलांना शांततेचा खेळ खेळायला सांगतो, खिडक्या बंद करतो, आणि अंधारात मुलं मांजर-कुत्र्यांचे आवाज काढायला लागतात. प्रयोग पहिल्याच तासाला आपटतो. तो मुलांना सुट्टी देऊन मोकळा होतो आणि हेडमास्तरची बोलणी खातो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला घेतो. हे पान एकट्याने वाचलं तर माणूस हसतो आणि पुढे जातो. दहा शिक्षकांत वाचलं तर कुणीतरी म्हणणारच, ‘माझा पहिला दिवस याहून वाईट होता.’ मग खरी चर्चा सुरू होते. पुढे हाच शिक्षक मुलांना पाठ्यपुस्तकाच्या पैशांतून वर्गाचं ग्रंथालय करायला लावतो. हे आज करता येईल का? पुस्तकं फुकट मिळतात, मग पैसे कुठून आणायचे? पालक काय म्हणतील? या प्रश्नांची उत्तरं गिजुभाईंकडे नाहीत, शेजारच्या शाळेतल्या सरांकडे असू शकतात.

दुसरं ‘तोत्तोचान’. पहिल्या शाळेतून काढून टाकलेल्या मुलीचं बोलणं नव्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी चार तास ऐकून घेतात. हा प्रसंग प्रत्येक प्रशिक्षणात सांगितला जातो, ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. साठ मुलांच्या वर्गातली बाई मात्र मनात हिशेब करते: एका मुलाला चार तास, तर साठांना किती दिवस? गट असेल तर हा हिशेब मोठ्याने मांडता येतो. प्रशिक्षणात मांडला तर ‘नकारात्मक’ ठरतो.

तिसरं सगळ्यांत बोचणारं, ‘प्रिय बाई’. इटलीतल्या तस्कनीच्या डोंगरात बार्बियाना नावाची वस्ती. तिथे लोरेन्झो मिलानी या पाद्र्याने शाळेतून गळलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवलं. त्यातल्या आठ मुलांनी, त्यांना नापास करणाऱ्या बाईंना एक लांबलचक पत्र लिहिलं. ते १९६७ मध्ये पुस्तकरूपाने आलं. कोणत्या घरातली मुलं किती नापास होतात याची आकडेवारी त्यात आहे आणि राग तर पानोपानी. हे पुस्तक शिक्षकांना आवडत नाही. आवडू नयेच. एकट्या वाचकाने ते वीस पानांवर बंद करून ठेवण्याची शक्यता फार. गटात मात्र कुणीतरी पोरांची बाजू घेतं, कुणीतरी बाईंची, आणि पुस्तक शेवटापर्यंत जातं.

या पत्रात पोरांनी आपली लिहिण्याची रीतही सांगितली आहे. प्रत्येकाने खिशात वही ठेवायची. सुचलं की टिपायचं. मग एकेक मुद्दा वेगळ्या कागदावर, कागदाच्या एकाच बाजूला. एके दिवशी सगळे कागद मोठ्या टेबलावर पसरायचे, पुन्हा पुन्हा आलेले काढून टाकायचे, सारख्या मुद्द्यांचे ढीग करायचे, ढिगांची प्रकरणं करायची. नंतर कात्री, गोंद, आणि प्रत्येक शब्दावर वाद. निबंधाच्या तासाला ‘मुद्द्यांच्या आधारे लिहा’ असं सांगणाऱ्या कुणाही मराठी शिक्षकाला ही रीत पुढच्या आठवड्यात वर्गात वापरता येईल. त्यासाठी मॉड्यूल लागत नाही, प्रमाणपत्रही लागत नाही. चाळीस पाठकोरे कागद पुरतात, आणि ते प्रत्येक शाळेच्या ऑफिसात पडलेले असतात.

वेळ कुठून आणायचा? कायद्यातून. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते आठवीच्या शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास ठरवले आहेत, आणि त्यात ‘तयारीच्या तासांसह’ असे शब्द आहेत. त्याच परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असावीत, असंही लिहिलंय. म्हणजे वाचण्याचा वेळ आणि वाचण्याची जागा दोन्ही कायद्याने दिलेली. मग तयारीचे तास जातात कुठे? कायद्याचं कलम २७ शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बिगरशैक्षणिक कामं सांगता येतील म्हणतं. पण निवडणूक या एका शब्दात मतदार यादी आली, बीएलओची घरोघरी फिरती आली. त्याशिवाय यू-डायस आणि सरल या पोर्टलांवरची माहिती, पोषण आहाराचे आकडे, शिष्यवृत्तीचे अर्ज. दुपारच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डोकावलं तर डबा एका हाताने खाऊन दुसऱ्या हाताने माहिती भरणाऱ्या बाई दिसतात. त्यांना ‘वाचा’ म्हणून सांगायला तोंड लागतं.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० म्हणतं, प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. आज हे तास बहुतेक करून ऑनलाइन कोर्सेसनी भरतात. व्हिडिओ चालू ठेवून दुसऱ्या कामाला लागणं, शेवटच्या प्रश्नमंजुषेची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर मिळवणं, हे उघड गुपित आहे. या पन्नासांतले पंधरा-वीस तास शिक्षकांच्या वाचनगटाला देण्यात काहीच अडचण नाही. शाळांच्या केंद्राच्या पातळीवर दर महिन्याला शिक्षण परिषदही भरते, तिचाही एक तास यासाठी काढता येईल.

धोका उघडच आहे. तास धरायचे म्हटलं की हजेरी आली, हजेरी आली की जिओटॅग केलेला फोटो आला, फोटोनंतर ‘फलनिष्पत्ती’ आली. दोन वर्षांत पुस्तकांची यादी मंत्रालयातून येईल आणि तिसऱ्या वर्षी तीत एखाद्या सचिवांचं आत्मचरित्र असेल. त्यामुळे नियम एकच असावा: मुख्याध्यापकांनी लिहून द्यावं की अमुक शिक्षक अमुक दिवशी वाचनगटाला गेले, बस्स. शिक्षकावर एवढाही विश्वास टाकायचा नसेल तर चाळीस मुलं त्याच्या हवाली कशी करतो? राजस्थान, उत्तराखंड, कर्नाटकात अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने शिक्षकांचे स्वेच्छा मंच चालतात. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी शिक्षक आपण होऊन येतात. येणाऱ्याला सक्ती नाही, न येणाऱ्याला नोटीस नाही. सगळेच येत नाहीत. न का येईनात.

एक आक्षेप मात्र सहज झटकता येत नाही. मुंबईत मराठी शाळा एकामागून एक बंद होताहेत, पट टिकवण्यासाठी शिक्षक मे महिन्यात वस्त्यांमधून मुलं शोधत फिरतात, आणि तुम्ही वाचनमंडळ काढून बसा म्हणता? आक्षेप खरा आहे. वाचनगटाने शाळेचा पट वाढत नाही. पण वांद्रे-खार-सांताक्रूझच्या शाळांमध्ये मराठीचे शिक्षक आता एकेकटे उरलेत. पूर्वी एका शाळेत मराठीचे चार शिक्षक असत, तास सुटल्यावर त्यांच्यात शुद्धलेखनापासून कवी ग्रेसपर्यंत वाद चालत. आज एका शाळेत एकच बाई, तीही दोन सत्रांत धावणारी. तिला बरोबरीचं माणूस हवं असेल तर ते शेजारच्या शाळेतच मिळेल. शाळा कमी झाल्या म्हणूनच शाळांच्या पलीकडचा गट लागतो.

पैशाचं म्हणाल तर तोही प्रश्न आहे. शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षं काढणाऱ्या प्राथमिक शिक्षकाचं मानधन २०२३ मध्ये ६ हजारांवरून १६ हजार झालं. त्यात विरार किंवा बदलापूरहून रोज येणं-जाणं. चारशे रुपयांचं पुस्तक दर महिन्याला विकत घे, असं त्याला सांगणं चेष्टा होईल. म्हणून पुस्तक गटाने घ्यायला हवं किंवा ग्रंथालयाने द्यायला हवं. नाशिकच्या विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानमार्फत २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं, त्यातली युक्ती इथे चालण्यासारखी आहे. शंभर पुस्तकांची पेटी एका गटाला द्यायची, ठरावीक काळाने ती पुढच्या गटाकडे जाते आणि दुसरी येते. नाशिकहून निघालेल्या या पेट्या आखाती देशांतल्या मराठी घरांत पोचल्या. वांद्र्याहून जोगेश्वरीला पोचायला फार अडचण पडू नये. शिवाय वांद्रे पश्चिमेला नॅशनल लायब्ररीसारखी जुनी मराठी संस्था आहे. तिथल्या कपाटांत जे आहे त्यातलं निम्मं तरी आजूबाजूच्या शिक्षकांनी पाहिलेलं नसेल. शाळांच्या ग्रंथालयांवर मात्र भिस्त ठेवू नये. पट हजाराच्या वर असेल तरच पूर्णवेळ ग्रंथपाल मिळतो. बाकी ठिकाणी कपाटाची किल्ली क्लार्ककडे, आणि पुस्तक हरवलं तर भरपाई शिक्षकाकडे. या भीतीने कितीतरी कपाटं वर्षानुवर्षं उघडलेली नाहीत.

वांद्र्यात इंग्रजी वाचकांचे गट कॅफेत भरतात, तिथे कॉफीचं बिल पुस्तकाहून जास्त होतं. मराठी शिक्षकांना कॅफे नको. ग्रंथालयाचा वाचनकक्ष किंवा शाळेचा रिकामा वर्ग पुरतो. दुसरा शनिवार, दुपारी दोन ते चार, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी जागा. माणसं आठ ते बारा, त्याहून जास्त झाली की दोघंच बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. मुख्याध्यापक येणार असतील तर खुर्ची सगळ्यांसारखी. पुस्तक पाळीपाळीने एकाने निवडायचं आणि बाकीच्यांनी कुरकुर न करता वाचायचं. ज्याचं वाचून झालं नाही त्यानेही यायचं, नाहीतर जूनमधले बारा जण दिवाळीपर्यंत चार होतात. वर्षातली निदान तीन पुस्तकं शिक्षणावरची नसावीत. एक कवितेचं, एक प्रवासाचं किंवा विज्ञानाचं, एक नव्या लेखकाची कादंबरी. शिक्षक सारखा शिक्षणावरच वाचू लागला की त्याचा अधिकारी व्हायला वेळ लागत नाही.

खर्चाचा अंदाज काढला तर महिन्याला एकाच पुस्तकाच्या तीन-चार प्रती आणि चहा-खारी, म्हणजे दोन हजारांच्या आत. उपनगरातल्या एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनातला नुसता मंडपाचा खर्च याच्या कितीतरी पट असतो. हे पैसे पालक-शिक्षक संघाने द्यावेत की महापालिकेच्या शिक्षण खात्याने, यावर वाद होऊ शकतो. खात्याने दिले तर तीन महिन्यांनी पावत्या मागायला कुणीतरी येईल, म्हणून निदान पहिल्या वर्षी संघाकडे जाणं बरं.